तुळशीबाग, मंडई आणि सोऱ्याची एक चकती

गेल्या दिवाळीत माझ्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी चकलीचा डबा हातात घेतला आणि हळूच विचारलं, "काकू, यंदा सोऱ्या बदललात का? चव तीच आहे, पण चकलीला काटे नाहीत."

सतरा वर्षं मी पुण्यात घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. एवढ्या वर्षांत मीठ कमी-जास्त झाल्याचं ऐकून घेतलंय, पण हे बोलणं आठ महिने डोक्यातून गेलं नाही. सोऱ्या बदललेला नव्हता. तो सासूबाईंचा, पितळी, आट्यांच्या दांड्याचा. चकलीच्या चकतीचं चांदणीसारखं भोक झिजून झिजून जवळजवळ गोल झालं होतं. ऑनलाइन दोनदा चकत्या मागवल्या. एक बसलीच नाही. दुसरी सैल बसली आणि दांडा फिरवला की पीठ तिच्या कडेने वर यायचं. नवा सोऱ्या घेणं सोपं होतं, पण या सोऱ्याचा दाब माझ्या मनगटाला सवयीचा झालाय आणि नवरात्रानंतर रोज दहा-दहा किलोच्या चकल्या पाडायच्या तर हाताची सवय मोडून चालत नाही.

म्हणून आषाढातला एक बुधवार चकतीसाठी राखून ठेवला. सुनेला सुट्टी होती, तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर तुळशीबागेच्या बाजारात. ती नागपूरची, लग्नाला दीड वर्ष झालं. तुळशीबागेत ती एकदाच गेली होती, तेही गणपतीच्या आधीच्या रविवारी. तेव्हा घरी येऊन म्हणाली होती, "आई, मला काही दिसलंच नाही, नुसत्या पाठी दिसल्या." त्या रविवारी अस्सल पुणेकरही तिकडे फिरकत नाही. माझं माहेर सदाशिव पेठेतलं, तुळशीबाग मला शाळेच्या रस्त्यासारखी पाठ आहे, म्हणून मला वाटत होतं की तिने ती एकदा नीट पाहावी.

पूर्वी तिकडे जायचं म्हणजे गाडी कुठे लावायची याचीच चिंता. मिनर्वा नाहीतर आर्यन वाहनतळापाशी रांगेत उभं राहायचं आणि तोवर निम्मा उत्साह संपलेला असायचा. आता आम्ही आयडियल कॉलनीला मेट्रोत बसतो. डेक्कन सोडलं की गाडी मुठेच्या कडेने जाते. त्या दिवशी पाणी गढूळ, भरून वाहत होतं आणि डब्यातली निम्मी माणसं खिडकीकडे वळून बघत होती. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. वरच्या फलाटावरून भुयारातल्या फलाटावर उतरायचं, आणि हे स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, म्हणजे सरकते जिने संपता संपत नाहीत. गुडघे दुखत असतील तर सरळ लिफ्ट गाठा. पुढे कसबा पेठ आणि मग मंडई. स्वारगेटपर्यंतचा हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. पेठांच्या बाजारासाठी गेल्या कित्येक वर्षांत झालेली ही सगळ्यांत चांगली गोष्ट आहे असं माझं मत आहे. बाजारात उतरलो तेव्हा आम्ही घामेजलेल्या नव्हतो, चिडलेल्या नव्हतो. आणखी एक, खास बायकांसाठी: स्टेशनवरचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे. वर बाजारात ही सोय शोधत फिरण्यापेक्षा तिथेच जाऊन या.

पावणेदहाला वर आलो. पाऊस भुरभुरत होता. भाजी परतताना घ्यायची हा माझा नियम, नाहीतर दिवसभर ओझं वाहायला लागतं. म्हणून मंडईला बाहेरूनच वळसा घालून आधी तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनला गेलो. मिसळ खायची तर सकाळीच. इथल्या मिसळीचा रस्सा लाल तर्रीचा नाही. आलं आणि हिरवी मिरची आहे त्यात, तिखट जिभेवर नाही तर घशात कळतं. खाली पोहे, बटाटा, वर शेव, आणि बरोबर स्लाइस ब्रेड. सुनेला आधी ब्रेड बघून वाईट वाटलं. सावजी रश्श्यावर वाढलेली मुलगी ती, तिला मिसळीबरोबर पाव हवा होता. पण तिने दुसऱ्यांदा रस्सा मागितला तेव्हा मी काही बोलले नाही. जागा लहान, टेबलावर अनोळखी माणसं शेजारी येऊन बसतात, आणि खाऊन झालं की उठायचं. गप्पा मारायला ही जागा नाही. पोटभर खाऊन दिवस सुरू करायला मात्र याच्यासारखी दुसरी मला ठाऊक नाही.

मग भांड्यांची गल्ली. इथे मला जरा थांबू द्या.

पहिल्या दुकानात मी सोऱ्या पिशवीतून काढला तर मुलाने हातही लावला नाही. "मावशी, चकत्या सुट्या येत नाहीत, नवीन सेटच घ्या." दुसऱ्या दुकानातही तेच. तिसरं दुकान म्हणजे दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढंसं. वर झारे, पळ्या, किसण्या, उलथनी टांगलेली, त्यांच्याखालून मान वाकवून आत जायचं. गल्ल्यावर साठीचे एक गृहस्थ. त्यांनी सोऱ्या घेतला, उलटा केला आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हा जुना साचा, ताई. आताचे एक सूत लहान येतात. म्हणून तुमची चकती सैल बसत असणार."

मी अजून काही सांगितलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी फळीखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात चकत्या तारेत ओवून ठेवलेल्या: बारीक शेवेच्या, जाड शेवेच्या, गाठीच्या, चपट्या पट्टीच्या, आणि चांदणीच्या. वर्तमानपत्र पसरून त्यांनी चांदणीच्या सगळ्या वेगळ्या काढल्या आणि एकेक बसवून पाहिली. चौथी सैल. सातवी आत जाईना, केसभर मोठी. "ही होईल," म्हणाले, आणि कानस घेऊन तिची कड गोल गोल घासायला लागले. पितळेचा पिवळा कीस कागदावर पडत होता. दोनदा बसवून पाहिली, दोनदा पुन्हा घासली. तिसऱ्या वेळी चकती टक् आवाज करून बसली. तो आवाज मला ओळखीचा होता. सासूबाई सोऱ्या भरायच्या तेव्हा स्वयंपाकघरात हाच आवाज यायचा.

मी घरून निघताना छोट्या डब्यात भाजणीची उकड मळून नेली होती. चकती बसली म्हणजे काम झालं असं नाही, पीठ पाडल्याशिवाय काही कळत नाही. डबा काढताना मला अवघडल्यासारखं झालं, त्यांना काय वाटेल म्हणून. त्यांनी काही न बोलता एक स्टीलचं ताट कापडाने पुसून माझ्यासमोर उलटं ठेवलं. सुनेने ते दोन्ही हातांनी धरलं आणि मी तिथे उभ्या उभ्या तीन वेढ्यांची एक चकली पाडली.

काटे उभे राहिले. पीठ कडेने आलं नाही. मी खूश झाले, पण ते ताटावर वाकून बघत होते. "एक टोक मऊ आहे," म्हणाले. बघितलं तर खरंच, प्रत्येक वेढ्यावर एका बाजूची धार जरा बोथट होती. चकती काढून, धुऊन, तिकोनी कानशीच्या टोकाने त्यांनी तो कोपरा दोन-चार वेळा हलकेच घासला. दुसरी चकली पाडली. आता सगळी टोकं सारखी होती.

चकतीचे ८० रुपये. घासल्याचे किती विचारलं तर हात हलवून नको म्हणाले. मी थोडे जास्त ठेवायला गेले तर त्यांना ते आवडलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं, म्हणून मी एक झारा घेतला. त्याची मला गरज होतीच.

या सगळ्याला पाऊण तास गेला. बाहेर आल्यावर सून म्हणाली, "आई, त्यांनी ८० रुपयांसाठी एवढं केलं?" मला तिला हेच दाखवायचं होतं. सेट, जोडी, अख्खी वस्तू आता कुठेही मिळते, घरपोच मिळते. सुटा भाग मागितला की सगळीकडे मान हलते. कुकरची शिट्टी, मिक्सरच्या भांड्याचं कपलर, कढईचा कान, पुरणयंत्राची जाळी, देवघरातल्या घंटेचा लोलक, यांच्यासाठी अजून दुकानं आहेत ती इथे. सगळी नाहीत, वर सांगितलंच की दोघांनी मला परत पाठवलं. पण तिसरं सापडतं. फक्त जुनी वस्तू बरोबर न्यायची. फोनमधला फोटो दाखवून माप कळत नाही. आणि पितळ-तांब्याची भांडी घ्यायची असतील तर ती वजनावर मिळतात, तेव्हा आधी किलोचा भाव विचारा, मग भांडं निवडा. पितळी पातेल्याला कल्हई केलेली आहे का तेही विचारून घ्या.

पुढचा तास सुनेचा. तिला ऑक्सिडाइज्ड झुमके हवे होते. या बाबतीत माझी दोन मतं आहेत. पथारीवर भाव करावा, दुकानात किमतीची चिठ्ठी असेल तर करू नये. आणि अर्धी किंमत सांगून तरातरा चालू लागायचं हे मला पटत नाही. पावसात दिवसभर प्लास्टिक धरून उभी असलेली माणसं आहेत ती. २५० सांगितले, आम्ही २०० ला मागितले, २२० ला घेतले, दोघींनाही बरं वाटलं आणि विकणारीलाही. घेण्याआधी झुमका ओल्या रुमालाने घासून पाहावा, काळा रंग रुमालावर आला तर ठेवून द्यावा. कानात जाणारा आकडा नखाने वाकवून पाहावा. सहज वाकला तर तो आठवड्यात मोडणार.

भातुकलीच्या दुकानापाशी सून आपसूक थांबली. बोटाएवढी कढई, नखाएवढ्या वाट्या, पोळपाट-लाटणं, जातं, बंब. पितळेची, लाकडाची, स्टीलची. तिने काही घेतलं नाही. मीही काही विचारलं नाही.

तुळशीबागेत येणाऱ्या दहातल्या आठ बायका राममंदिरात जात नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं. बाजाराला ज्या जागेचं नाव मिळालं ती जागा भिंतीच्या पलीकडे आहे, एका दरवाजाचं अंतर. पेशव्यांच्या काळात नारो आप्पाजी खिरे यांनी १७६० च्या दशकात हे मंदिर बांधायला घेतलं. इथे पूर्वी खासगीवाल्यांची तुळशीची बाग होती, म्हणून तुळशीबाग, आणि खिरे पुढे तुळशीबागवाले झाले. आत पाऊल टाकलं की बाहेरचा "काय देऊ ताई" मागे पडतो. लाकडी सभामंडप, दगडी फरसबंदी, आणि वर सुमारे १४० फुटांचं शिखर, चुन्यात केलेल्या मूर्तींनी भरलेलं. बाजारातल्या बोळांतून ते धड दिसतही नाही, आत येऊन मान वर करावी लागते. आम्ही मंडपात वीस मिनिटं बसलो. एक आजोबा खांबाला टेकून झोपले होते, पागोळ्या अंगणात गळत होत्या. पाय दुखायला लागले की कॉफीच्या दुकानात जाऊन बसण्यापेक्षा इथे बसा.

लक्ष्मी रस्त्याबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण तिथे माझं मन दुखावलंय. गेल्या वर्षी एका साड्यांच्या दुकानातून मी बहिणीसाठी सुती साडी घेतली. रंग जाणार नाही असं दोनदा विचारून घेतलं होतं. पहिल्याच धुण्यात रंग उतरला आणि साडीचा पांढरा पदर गुलाबी झाला. परत घेऊन गेले तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, घेतलेला माल परत घेतला जाणार नाही. पैशापेक्षा बहिणीसमोर माझी मान खाली गेली, त्याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून मी साडीच्या बिलावर 'रंग पक्का' असं लिहून मागते. जे लिहून देतात त्यांच्याकडे घेते, जे का-कू करतात तिथून उठते. सगळ्या रस्त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. चांगली, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली दुकानं तिथे पुष्कळ आहेत आणि सुनेने त्यांतल्या एकातून दोन सुंदर कुर्त्यांची कापडं घेतली.

पण चालणं! पदपथावर विक्रेते, खाली उतरलं तर दुचाकी. बोळांतून तर दुचाकीवाले हॉर्न वाजवत माणसांच्या अंगावरून जातात. त्या दिवशी एका हँडलला माझी पिशवी अडकली आणि आत सोऱ्या होता, माझा जीव गोळा झाला. महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते. नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत गाड्या बंद. मी एकदा गेले होते. मुलं रस्त्याच्या मधोमध धावत होती, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती, आणि त्याच रस्त्यावरची वाड्यांचे जुने तुळयांचे सज्जे मला पहिल्यांदा नीट दिसले, कारण वर बघायला उसंत होती. वर्षातून एक दिवस जमतं तर महिन्यातून एक दिवस का जमू नये? निदान तुळशीबागेच्या बोळांत तरी दुचाकी पूर्ण बंद व्हायला हवी. तिथे लहान मुलांचा हात धरून चालणाऱ्या बायका असतात.

सुनेला पावसातही मस्तानी हवीच होती. तुळशीबागेजवळच्या कावरे आइस्क्रीममध्ये एक घेतली आणि दोघींनी मिळून संपवली. दाट होती, गोड बेताची.

साडेतीनला मंडईत शिरलो. ही इमारत मला पुण्यातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा जास्त आवडते. काळा दगड, मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून फुटलेली लांब लांब दालनं. १८८६ ची ही इमारत, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट. महात्मा फुले त्या आधी पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि एवढा पैसा मंडईवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचंच नाव मिळालं. समोर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसवलेला. हे सगळं सुनेला सांगत होते, आणि ती मनोऱ्याकडे बघत असताना ओट्यावरच्या मावशींनी आवाज दिला, "करटुली घ्या, आजच आल्यात."

आषाढ-श्रावणातली मंडई म्हणजे रानभाज्यांची. करटुली, भारंगी, अळूच्या जुड्या, श्रावणघेवडा. करटुली हिरवीगार आणि घट्ट घ्यायची, पिवळट झाली की आतली बी टणक होते. अळू घेताना देठ बघा, काळसर देठाचं वडीला चांगलं. मावशींनी देठ मोडून दाखवला, "खवखवलं तर परत आणा." घेतलेला माल परत घेणारी इथे एक बाई आहे, हे मी मनात म्हटलं. अर्धा किलो करटुली, दोन जुड्या अळू, आल्याचा एक गड्डा. त्यांनी वर चार मिरच्या टाकल्या.

पाचच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. सुनेच्या मांडीवर भाजीची पिशवी, माझ्या मांडीवर सोऱ्या. घरी आल्यावर हातपाय धुतले आणि उरलेल्या उकडीचा छोटा घाणा तळला. बारा चकल्या झाल्या. एक मोडून पाहिली, आत पोकळ नळी आणि बाहेर टोकदार काटे. सहा चकल्या वेगळ्या काढून त्या गिऱ्हाईक बाईंना दुसऱ्या दिवशी पोचवल्या.

श्रावणात पुन्हा जायचंय. पुरणयंत्राची बारीक जाळी एका बाजूने फाटलीय, ती घेऊन. सून म्हणाली तीही येणार, तिच्या आईकडचा एक जुना पितळी डबा आहे, त्याच्या झाकणाची कडी निघालीय, ती कुठे बसवून मिळेल ते विचारायला.